ग्रँटसाहेबांचे बंद न्यायालय

न्यायाधीशांची चरित्रे वाचणे हा आम्ही आजवर फारसा आनंदाचा विषय मानला नव्हता. वकिलाच्या आयुष्यात निदान उलटतपासणीची झटापट असते, राजकारणी पुरुषाच्या आयुष्यात जयपराजय असतात. न्यायाधीश मात्र आसनावर बसतो, दोन्ही बाजू ऐकतो, निकाल सांगतो आणि घरी जातो. त्याचे चरित्र वाचनीय होते ते बहुधा त्याची पडझड झाली म्हणजे. १६२१ साली लाच घेतल्याचे आरोप कबूल करून लॉर्ड चान्सलरच्या पदावरून खाली आलेला फ्रान्सिस बेकन याचे उदाहरण इंग्रजीच्या विद्यार्थ्यास परिचयाचे आहे. त्याचे निबंध वाचताना, विशेषतः न्यायदानावरचा निबंध वाचताना, त्या पडझडीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. परंतु बेकनचा अपराध साधा होता. पैसा घेतला, पद गेले. यात समजण्यास अवघड असे काही नाही. ज्याने पैसा घेतला नाही, ज्याच्यावर पक्षपाताचा आरोप कोणी केला नाही, आणि तरीही ज्याला आपले आसन सोडावे लागले, असा न्यायाधीश अधिक विचार करावयास लावतो. असा एक न्यायाधीश आमच्याच महाराष्ट्रात, मुंबईत, १८२८ ते १८३० या काळात होऊन गेला. त्याचे नाव सर जॉन पीटर ग्रँट.

येथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. मुंबईचा ग्रँट रोड या ग्रँटसाहेबांचा नव्हे. तो पुढे १८३५ ते १८३८ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर रॉबर्ट ग्रँट यांचा. आमच्या न्यायाधीशाच्या नावाचा रस्ता मुंबईत आमच्या पाहण्यात नाही. उलट ज्या गव्हर्नराशी त्यांचे भांडण झाले त्या सर जॉन माल्कम यांचे नाव महाबळेश्वरच्या माल्कम पेठेस मिळाले, आणि उन्हाळ्यात तेथे जाऊन आलेल्या मागल्या पिढीतील प्रत्येक मध्यमवर्गीय कुटुंबाच्या तोंडी ते होते.

या प्रकरणाची हकीकत तीन इंग्रजी पुस्तकांत विखुरलेली आहे. पहिले, ग्रँटसाहेबांची वडील कन्या एलिझाबेथ ग्रँट, लग्नानंतरच्या मिसेस स्मिथ, यांच्या आठवणी. हायलंड प्रांतातील एका बाईच्या आठवणी अशा अर्थाच्या नावाने त्या १८९८ साली, म्हणजे बाईंच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, प्रसिद्ध झाल्या. दुसरे, सर जॉन के यांनी लिहिलेले माल्कमचे चरित्र व पत्रव्यवहार, १८५६ सालचे. तिसरे, ड्रूइट यांचे १९०७ सालचे पुस्तक. त्याचा नायक ग्रँट नव्हे, तर त्यांच्या आधीचे मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट. एक पुस्तक मुलीचे, दुसरे प्रतिपक्षाच्या स्तुतिपाठकाचे, तिसरे सहकाऱ्याच्या अभिमान्याचे. एकाच पतनाकडे तीन खिडक्यांतून पाहिल्यासारखे हे आहे, आणि तिन्ही खिडक्यांतून निरनिराळा माणूस दिसतो.

तिन्हींत वाङ्मय म्हणून श्रेष्ठ पुस्तक मुलीचे, यात आम्हांस शंका नाही. बाईंनी ते प्रसिद्धीसाठी लिहिले नव्हते. आपल्या मुलाबाळांनी वाचावे म्हणून लिहिले, आणि म्हणूनच त्यात बापाला देव करण्याची धडपड नाही. प्रारंभीच्या प्रकरणांतील एक चित्र आमच्या मनातून जात नाही. हिवाळ्यात मुलांना पहाटे थंड पाण्याच्या टबात बुचकळले जाई. वरचा बर्फ आधी फोडावा लागे. त्यानंतर न्याहारी. ज्या मुलाला जो पदार्थ नकोसा असेल तोच त्याच्यापुढे यावयाचा, आणि तो संपेपर्यंत वडील हातात लहानसा चाबूक घेऊन उभे. एलिझाबेथला दूध आवडत नसे. तिने बंड केले, फटके खाल्ले आणि दूध प्यायले. हा बाप दुष्ट नव्हता. मुलांवर त्याची माया होती, तो हुशार होता, त्याची विद्वत्ता खरी होती. पण एखादी गोष्ट योग्य आहे असे एकदा त्याच्या मनाने घेतले, की समोरच्याच्या घशाखाली ती उतरेपर्यंत त्याचा पाय मागे सरत नसे. बाई न्याहारीचे टेबल आणि मुंबईचे न्यायासन यांचा संबंध कोठेही जोडीत नाहीत. तो वाचकाने जोडावयाचा आहे, आणि चांगल्या आठवणींचे हेच लक्षण होय.

ग्रँट हे रोथिमर्कस येथील जमीनदार. जन्म १७७४ सालचा. धंद्याने बॅरिस्टर. पार्लमेंटात जाण्याचा नाद त्यांना महाग पडला. निवडणुकांनी कर्ज केले, कर्जाने इस्टेट गिळली. सभासदाला कर्जासाठी पकडता येत नसे, म्हणून पार्लमेंटातील जागा हीच त्यांची ढाल झाली होती. १८२६ साली ती जागा गेली आणि त्यांना सावकारांपासून पळ काढावा लागला. मागे राहिलेल्या मुलींनी मासिकांतून लेख लिहून चार पैसे मिळविले. ही हकीकत बाई इतक्या शांतपणे सांगतात की आपण एका हायकोर्टी दर्जाच्या न्यायमूर्तीच्या घरची दैना वाचीत आहोत हे क्षणभर विसरावयास होते.

आणि मग हिंदुस्थानातील न्यायाधीशपद. ते कसे मिळाले याचे बाईंनी दिलेले कारण ऐकून आमच्या एका कायदेपंडित मित्रांना हसू आवरेना. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला असता त्याला ग्लेनलिव्हेटची व्हिस्की हवी होती; ती उत्तम प्रतीची मिळेना. तेव्हा एलिझाबेथ यांनी घरच्या तळघरातील जुनी, मुरलेली व्हिस्की आणि सोबत शिकारीचे पक्षी राजवाड्यावर पाठविले. पुढे योग्य वेळी या सेवेची कोणी दरबारात आठवण करून दिली आणि वडिलांची नेमणूक झाली, असे बाई म्हणतात. ते किती खरे मानावयाचे हे वाचकाने ठरवावे. मात्र त्यात लपविण्यासारखे काही आहे असे त्या मुलीला वाटले नाही. न्यायासनाचे पावित्र्य, राजाखेरीज कोणासही न जुमानणारे त्याचे स्वातंत्र्य, यांवर पुढे मुंबईत जी गंभीर भाषणे झाली, त्यांच्या मुळाशी व्हिस्कीचे हे पिंप आहे हे ध्यानात ठेवून ती वाचावीत.

१८२७ साली 'सर' होऊन ग्रँट निघाले आणि १८२८ च्या प्रारंभी सहकुटुंब मुंबईस उतरले.

मुंबईत तेव्हा दोन प्रकारची न्यायालये होती, ही गोष्ट आजच्या वाचकास सांगणे जरूर आहे. कंपनी सरकारच्या अदालती मुलखात चालत, आणि त्यांचे अधिकारी कंपनीचे नोकर. पण मुंबई बेटापुरते १८२४ पासून एक सुप्रीम कोर्ट होते. ते राजाचे. त्याचे न्यायाधीश राजाने नेमलेले, इंग्लंडहून आलेले बॅरिस्टर. पगार मात्र कंपनीच्या तिजोरीतून. ज्याचे खावे त्याच्यावरच हुकूम चालवावा, अशी ही विलक्षण मांडणी होती. मुख्य न्यायाधीश वेस्ट यांनी पहिल्यापासूनच ती गांभीर्याने घेतली. अर्थशास्त्राच्या इतिहासात जमिनीच्या खंडाविषयीचा सिद्धान्त मांडणारे म्हणून ज्यांचे नाव येते तेच हे वेस्ट. त्यांनी काही बॅरिस्टरांस काही काळ वकिलीची बंदी केली. बाबराच्या आत्मचरित्राचे भाषांतरकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या विल्यम अर्स्किन यांना कोर्टातील जागेवरून दूर केले. गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्याशी उघड तेढ घेतली. मुंबईच्या गोऱ्या समाजात वेस्ट अप्रिय झाले, हिंदी लोकांत मात्र नव्हे. त्यांच्यामागे हिंदी नागरिकांनी वर्गणी करून त्यांच्या नावाने विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या ठेवल्या. ड्रूइट यांचे पुस्तक या बाबतीत उपयुक्त आहे. वेस्ट यांच्या पत्नीच्या रोजनिशीतील उतारे त्यात आल्यामुळे त्या काळची मुंबई डोळ्यांपुढे येते. पण ग्रंथकाराने एकदा वेस्ट यांची बाजू घेतली ती घेतलीच. त्यांच्या दृष्टीने कंपनी म्हणजे अंधार आणि राजाचे कोर्ट म्हणजे दिवा. इतके सोपे चित्र आम्हांस मान्य होत नाही.

आता मूळ तंट्याकडे वळू. पुण्यात मोरो रघुनाथ नावाचा सुमारे चौदा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचा ताबा पांडुरंग रामचंद्र या त्याच्या चुलत आजोबांकडे. पांडुरंगराव साधे गृहस्थ नव्हते. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टन यांनी दक्षिणेतील सरदारांचे वर्ग पाडून त्यांचा मानमरातब राखण्याचे वचन दिले होते, आणि वरच्या वर्गातील सरदारांना सामान्य अदालतींच्या कक्षेबाहेर ठेवले होते. त्यांपैकी ते एक. मुलाच्या सासऱ्यांची तक्रार अशी, की त्याला त्याच्या इच्छेविरुद्ध अडकवून ठेविले आहे व त्यामुळे त्याची प्रकृती बिघडत आहे. ते पुण्याच्या अंमलदारांकडे न थांबता मुंबईस राजाच्या कोर्टात आले आणि त्यांनी हेबियस कॉर्पस मागितले. हा इंग्रजी कायद्याचा फार जुना हुकूम. ज्याने एखाद्याला कोंडले असेल त्याने त्या माणसाचा देह न्यायाधीशापुढे आणून उभा करावा आणि कोंडण्याचे कारण सांगावे, एवढाच त्याचा अर्थ. १८२८ च्या उत्तरार्धात कोर्टाने तो हुकूम पुण्यास धाडला. त्याच सुमारास ठाण्याच्या तुरुंगात असलेल्या बापू गणेश नावाच्या कैद्याविषयी कंपनीच्या तुरुंगाधिकाऱ्यावरही असाच हुकूम निघाला.

मुंबई बेटाच्या कोर्टाचा हुकूम पुण्यातील सरदाराच्या वाड्यावर! माल्कम यांना हे सहन होण्यासारखे नव्हते. के यांच्या चरित्रात माल्कम यांची बाजू चांगली मांडलेली आहे, आणि ती अगदीच पोकळ नाही. पेशवाई जाऊन जेमतेम दहा वर्षे झालेली. सरदारांना दिलेले वचन ताजे. अशा वेळी मुंबईहून शिपायाने कागद आणून एखाद्या मानी सरदाराला घरातील मुलासह समुद्रकाठी हजर व्हावयास सांगावे, तर आज एक, उद्या दहा, आणि इंग्रजांच्या शब्दाची किंमत काय, असे माल्कम यांचे म्हणणे. के हे सर्व प्रशस्त इंग्रजीत सांगतात. त्यांच्या शैलीत एक सैनिकी मोकळेपणा आहे. पण त्यांच्या पुस्तकात एक गोष्ट जितकी ठसठशीत यावयास हवी होती तितकी येत नाही, ती म्हणजे माल्कम यांनी केले काय.

त्यांनी अपील केले नाही. ३ ऑक्टोबर १८२८ रोजी गव्हर्नर व कौन्सिलातील सभासद यांच्या सह्यांचे एक पत्र थेट न्यायाधीशांना गेले. मोरो रघुनाथाच्या प्रकरणात यापुढे काही चालू दिले जाणार नाही, मुलखातील अधिकाऱ्यांवर अगर कोर्टाच्या कक्षेत नसलेल्या हिंदी लोकांवर काढलेल्या अशा हुकुमांना उत्तर दिले जाणार नाही, आणि विलायतेहून निर्णय येईपर्यंत न्यायाधीशांनीही हात आवरता घ्यावा, असा त्याचा मतलब. आमच्या मते या प्रकरणातील पहिला खरा अन्याय हा आहे. कोर्टाला हा अधिकार होता की नव्हता हा वादाचा प्रश्न होता. पण वाद मिटण्याआधीच, ज्याच्यावर हुकूम बजावला गेला त्यानेच न्यायाधीशाला पत्र लिहून 'आपला हुकूम आम्ही मानणार नाही' असे कळवावे, ही गोष्ट कोणत्याही काळी अयोग्यच. न्यायाधीशांनी भर कोर्टात त्या पत्राचा धिक्कार केला आणि या चार भिंतींच्या आत आपल्या बरोबरीचा कोणी नाही, वर फक्त ईश्वर आणि राजा, अशा आशयाचे उद्गार काढले. ते उद्गार भारदस्त खरेच.

परंतु ज्या तिघांच्या बळावर ते काढावयाचे ते तिघे तरी होते कोठे? मुख्य न्यायाधीश वेस्ट ऑगस्टातच पुण्यास वारले होते. त्यांची पत्नीही थोड्याच काळाने गेली. दुसरे न्यायाधीश सर चार्ल्स चेंबर्स ऑक्टोबरात वारले. राहिले एकटे ग्रँट, हिंदुस्थानात येऊन वर्षही न झालेले. ज्या आसनावर तिघांनी एकमेकांस सावरीत बसावयाचे त्यावर हा एकच हट्टी, बुद्धिमान, कर्जबाजारी मनुष्य उरला. समजावणारे कोणी नाही, चुकल्यास खुणावणारे कोणी नाही. या एकटेपणाकडे ड्रूइट यांचे लक्ष थोडेफार जाते. के यांचे अजिबात जात नाही. ग्रँट यांच्या कृत्यांचा न्याय करताना आम्हांस तरी ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही.

ग्रँट यांनी हुकूम पुन्हा काढला. पुण्यास कोणी तो पाळला नाही. पाळू नये असेच सरकारचे फर्मान होते. त्यांनी राजाकडे अर्ज पाठविला. त्या काळी मुंबईचे पत्र लंडनला पोचावयास चारपाच महिने, उत्तर यावयास तितकेच. एवढा धीर त्यांच्यापाशी नव्हता. १ एप्रिल १८२९ रोजी त्यांनी जाहीर केले, की सरकार कोर्टाच्या हुकुमांना मान देईल अशी खात्री मिळेपर्यंत सुप्रीम कोर्टाचे काम बंद.

न्यायाधीशाने कोर्टाला कुलूप लावले!

या कृत्याचे समर्थन करणारे काही लिहावे असे आम्ही पुष्कळदा मनात आणले; पण लेखणी धजत नाही. मोरो रघुनाथाविषयीचा अधिकार शंकास्पद होता. पण मुंबई बेटातल्या रहिवाशांविषयीचा अधिकार तर निर्विवाद होता. तेथील ऋणको तुरुंगात होते, वारसांचे दावे तुंबले होते, व्यापाऱ्यांचे कागद कोर्टाच्या कपाटात पडले होते. त्या लोकांनी काय केले होते? एका मुलाला दाद मिळू दिली नाही म्हणून साऱ्या शहराची दाद बंद करावयाची, यात तर्क कोठे आहे? आणि ज्याला स्वतःला कर्जासाठी देश सोडावा लागला, त्याला कर्जासाठी कोंडलेल्या माणसाची तरी आठवण व्हावयास हवी होती. पण नाही. येथे आम्हांस पुन्हा ती न्याहारी दिसते. दूध संपेपर्यंत कोणी उठावयाचे नाही. फरक एवढाच, की या वेळी समोर आठ वर्षांची मुलगी नसून मराठ्यांचा मुलूख जिंकण्यात वाटा असलेला जॉन माल्कम होता, आणि चाबकाला दोरीच नव्हती.

दैवाची गंमत अशी, की मुंबईचे कोर्ट बंद असतानाच तिकडे लंडनमध्ये १८२९ च्या उन्हाळ्याच्या तोंडी प्रिव्ही कौन्सिलपुढे या अर्जाचा विचार चालला होता, आणि निर्णय ग्रँट यांच्या विरुद्ध लागला. जो माणूस कोर्टाच्या स्थानिक हद्दीत राहतो, अगर हद्दीबाहेर असूनही जातीने कोर्टाच्या कक्षेत येतो, त्याच्यावरच हेबियस कॉर्पस काढता येईल. या दोन प्रकरणांत ते काढावयास नको होते. मुलखातील कैद्यांवर राजाच्या कोर्टाचा हात नाही. कायद्याच्या अक्षराप्रमाणे हा निर्णय बरोबर असावा असे आम्हांसही वाटते. माल्कम यांच्या पत्राचे औचित्य मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

आणि खरा निकाल तर त्याच्याही आधी लागला होता. तो न्यायालयात लागला नव्हता, खाजगी पत्रात लागला होता. हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष लॉर्ड एलेनबरो यांनी १८२९ च्या प्रारंभी माल्कम यांना कळविले होते, की दोन नवे न्यायाधीश पाठवीत आहोत. त्यांच्यामध्ये ग्रँट म्हणजे दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मधोमध बांधलेला रानहत्ती होईल. मुंबई सरकारचे वकील असलेले जेम्स ड्यूअर हेच मुख्य न्यायाधीश झाले, आणि दुसरे विल्यम सीमूर. हे पत्र पुढे फुटले, छापले गेले, आणि विलायतेत एलेनबरो यांची बरीच नाचक्की झाली. उपमा मात्र अशी चपखल, की ती निर्माण करणाऱ्याच्या बुद्धीचे कौतुक आणि वृत्तीची किळस दोन्ही एकदम यावीत. न्यायाधीशाला माणसाळविण्याची ही भाषा कोणत्याही राज्यकर्त्याच्या मनात असू शकते. एलेनबरो यांनी ती कागदावर उतरविली एवढेच. जाता जाता सांगावयास हरकत नाही, की हेच एलेनबरो पुढे गव्हर्नर-जनरल होऊन आले आणि १८४४ साली कंपनीच्या डायरेक्टरांनी त्यांना परत बोलाविले.

ग्रँट यांनी पद सोडले आणि ते मुंबईहून कलकत्त्यास गेले. तेथे प्रथम वकिली केली. पुढे तेथील सुप्रीम कोर्टात पुन्हा न्यायाधीश झाले. १८४८ साली स्वदेशी परतताना जहाजावरच त्यांचा अंत झाला. त्यांच्याच नावाचा त्यांचा मुलगा बंगालचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला, आणि निळीच्या मळेवाल्यांच्या जुलमाविरुद्ध रयतेची बाजू ऐकून घेणारा म्हणून नावाजला. म्हणजे आयुष्याचा हिशेब मांडला तर हे पतन कायमचे नव्हे. पण मुंबईतले पतन मुंबईतच राहिले. ते कलकत्त्यात भरून निघण्यासारखे नव्हते.

हा इतिहास वाचताना मराठी वाचकाला रामशास्त्री प्रभुणे आठवणार हे उघड आहे. नारायणराव पेशव्यांचा १७७३ साली खून झाल्यावर रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगून शास्त्रीबुवा पुणे सोडून गेले, ही कथा आपल्याला शाळेपासून पाठ. १९४४ साली प्रभातच्या बोलपटाने तर ती घरोघर नेली. पण ग्रँट यांच्या शेजारी ठेवून पाहिली म्हणजे तिचा एक अर्थ नव्याने लक्षात येतो. शास्त्रीबुवांनी न्यायासन बंद केले नाही; ते स्वतः उठून गेले. आधी निर्णय दिला, तोही ज्याच्याविरुद्ध द्यावयाचा त्याच्या तोंडावर. मग पद टाकले. जे गेले ते त्यांचे स्वतःचे गेले, पक्षकाराचे नव्हे. पुढे बारभाईंच्या कारभारात ते सन्मानाने परत आले.

याहून अलीकडचे उदाहरणही आहे, आणि ते कडू आहे. १९७५ च्या आणीबाणीत स्थानबद्धांच्या हेबियस कॉर्पसचे अर्ज चालू शकतात असे अनेक हायकोर्टांनी ठरविले. त्यांत आमच्या विदर्भाचे नागपूर खंडपीठही होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मतांनी ते फिरविले. चौघांत आमच्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते, हे सांगताना मराठी माणसाला थोडे अवघडावे लागते. एकटे पडले ते न्यायमूर्ती हंसराज खन्ना. त्यांनी आपले विरुद्ध मत लिहिले. १९७७ च्या जानेवारीत त्यांना ओलांडून कनिष्ठाला सरन्यायाधीश केले तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. सरन्यायाधीशपद गेले, लिहिलेले मत राहिले. आणि २०१७ साली सुप्रीम कोर्टाने १९७६ चा तो बहुमताचा निर्णय रद्द ठरविला, तेव्हा त्या निकालपत्राचे एक लेखक यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड हेच होते. ग्रँट यांनाही लिहिता आले असते. मोरो रघुनाथाच्या प्रकरणात आपला अधिकार का पोचतो हे सविस्तर लिहून ठेवून, शहराचे काम चालू ठेवून, विलायतेच्या उत्तराची वाट पाहता आली असती. हरले असते तरी ते मत टिकले असते.

ग्रँट यांना जे हवे होते ते मूलतः चूक नव्हते, हे आम्ही मुद्दाम सांगतो. आम्ही ज्या रिसोडात बसून हे लिहीत आहोत ते १८२८ साली निजामाच्या वऱ्हाडात होते; मुंबईच्या राजकोर्टाला त्याचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आज येथल्या एखाद्या घरात कोणी कोंडले गेले, मग कोंडणारा पोलीस असो की चुलत आजोबा असो, तर राज्यघटनेच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली नागपूरच्या खंडपीठाकडे अर्ज करता येतो, आणि तो हुकूम रिसोडात पोचत नाही असे कोणी म्हणू शकत नाही. पुण्याचा सरदार आणि मुंबईचा भंडारी यांना कोंडून ठेवण्याचे कायदे वेगळे असू नयेत, ही ग्रँट यांची मागणी होती. ती प्रिव्ही कौन्सिलने फेटाळली. पुढे ती मान्य झाली त्यात ग्रँट यांचा वाटा किती, याची चर्चा तिन्हींपैकी एकाही ग्रंथकाराने केली नाही, ही या पुस्तकांतील मोठी उणीव आम्ही समजतो. के यांना ती करावयाची नव्हती. ड्रूइट यांचे प्रेम वेस्ट यांच्यापुरते. आणि बाईंच्या पुस्तकात मुंबई येते ती अगदी शेवटी, १८२९ साली तेथेच कर्नल स्मिथ यांच्याशी त्यांचे लग्न झाले व त्या स्वदेशी निघाल्या त्या हकीकतीपुरती. वडिलांच्या भांडणापेक्षा लग्नाची गडबड त्यांना जास्त आठवावी, यात दोष देण्यासारखे काही नाही.

मात्र आणखी एक माणूस या तिन्ही पुस्तकांतून निसटला आहे. मोरो रघुनाथाविषयी त्याचे सासरे बोलले, त्याचे चुलत आजोबा बोलले, गव्हर्नर बोलला, न्यायाधीश बोलला, लंडनचे लॉर्ड बोलले. तो चौदा वर्षांचा मुलगा स्वतः काही बोललेला आमच्या वाचनात नाही. आजोबांच्या वाड्यात त्याला खरोखरच कोंडले होते की तो तेथे सुखाने नांदत होता, सासऱ्यांना त्याची काळजी होती की त्याच्या वतनाची, हे विचारण्यासाठीच तर त्याचा देह न्यायासनापुढे आणावयाचा होता. तो कधी आणला गेला नाही. एप्रिलच्या पहिल्या तारखेनंतर आणला असता, तरी मुंबईच्या कोर्टाला आतून कुलूप होते.